लवणातलं वावर

बाबांकडे घड्याळ नव्हतं. जागलीला वावरात असले की ते आभाळातल्या आवाजावरून रात्र मोजायचे. "मद्रासचं इमान गेलं, आता झोप," असं म्हणून मला घोंगडीत ढकलायचे. ते विमान मद्रासचं की मुंबईचं, हे त्यांना कसं कळायचं ते मी कधी विचारलं नाही. पण त्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. 1949 साली सरकारनं रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांची टपालविमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत परत निघायची. आमच्या वावरावरून जायचं ते त्यातलंच एखादं असणार.

वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातलं आमचं गाव. यशोदा नदी तिथून दोन कोसांवर. वावर आठ एकरांचं, काळ्या मातीचं, आणि त्यातला तीनेक एकरांचा तुकडा लवणातला.

लवण म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. ते नदी नाही, नाला नाही, तलाव तर नाहीच. दोन्हीकडची जमीन किंचित उताराची आणि मधे बशीसारखा खोलगट पट्टा. त्याला काठ नसतात. उन्हाळ्यात तुम्ही त्यातून चालत गेलात तर आपण पाण्याच्या वाटेवरून चाललोय हे तुमच्या ध्यानातही येणार नाही. मृगाचे दोन-तीन दांडगे पाऊस झाले की मात्र आजूबाजूच्या वावरांचं पाणी तिथं उतरतं, चार दिवस बसतं आणि मग सावकाश नाल्याकडे सरकतं. त्या चार दिवसांत बेडकांनी गाव डोक्यावर घ्यावं, बगळ्यांनी पांढरं करावं, आणि आम्ही पोरांनी खेकड्यांमागे चिखलात लोळून घरी मार खावा, असा रिवाज होता.

आजी त्या तुकड्यात खरिपाला काही पेरू द्यायची नाही. "थे पाण्याचं वावर हाय, पाण्याले राहू दे," म्हणायची. दसरा झाला की तिथं हरभरा आणि जवस पडायचा, निव्वळ ओलीवर यायचा. आमच्या विहिरीला अक्षय तृतीयेपर्यंत पाणी असायचं तेही या लवणाच्याच जिवावर. पण सातबाऱ्यावर त्याची नोंद शोधाल तर सापडणार नाही. तिथं एकच शब्द : जिरायत.

मी मॅट्रिक झालो, ट्रेसिंगचा कोर्स केला आणि 1970 साली एका सरकारी कार्यालयात ट्रेसर म्हणून लागलो. आजच्या मुलांना हे काम माहीत असायचं कारण नाही. सर्व्हेअर जागेवर जाऊन मोजणी करायचा, पेन्सिलीनं कच्चा नकाशा आणायचा. आम्ही त्यावर ट्रेसिंग क्लॉथ पसरून काळ्या शाईनं पक्का नकाशा उतरवायचो. त्यावरून मग अमोनियाच्या प्रती निघायच्या आणि त्या प्रती हातात घेऊन कामं व्हायची. म्हणजे सर्व्हेअरनं पाहिलेलं आणि गवंड्यानं बांधलेलं यांच्यामधे आमची शाई असायची. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असे. तिच्यात आमची आद्याक्षरं.

1978 साली माझ्या टेबलावर एक रस्ता आला. आमच्याच गावचा. पावसाळ्यात गाव तुटायचं म्हणून भराव टाकून तो उंच करायचा होता. मला काय आनंद झाला! कच्च्या नकाशावर आमच्या लवणाच्या जागी सर्व्हेअरनं पेन्सिलीची एक तुटक रेघ मारली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. तो बिचारा उन्हाळ्यात गेला असणार. त्याला शंका आली, पण पाणी दिसलं नाही.

आमच्याकडे नदीला खूण होती, नाल्याला खूण होती, विहिरीला, तलावाला होती. लवणाला खूण नव्हती. विचारायला वर जावं तर प्रकरण पुन्हा जागेवर जाणार, महिना-दोन महिने लांबणार आणि गावच्या रस्त्याचं काम पुढच्या सालावर पडणार. मी ती तुटक रेघ सोडून दिली. ज्या लवणातून चप्पल हातात घेऊन मी शाळेत गेलो होतो, ते मीच उतरवलं नाही. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर त्याला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं.

रस्ता झाला. नकाशात पाणी नव्हतं म्हणून रस्त्यात ना मोरी होती, ना रपटा. पहिल्या पावसाळ्यात पाऊस बेताचा, त्यामुळे काही कळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी भरावाला येऊन टेकलं आणि मागे फिरलं. लवण भरलं, मग वरची पाच एकर पऱ्हाटी भरली. आमची, शेजारची, त्याच्याही पलीकडची. अठरा दिवस पाणी हललं नाही. जमीन चिभडली, झाडं पिवळी पडली, बुडखे कुजले. गावातल्या पोरांनी शेवटी एका रात्री कुदळी घेऊन नवाकोरा रस्ता फोडला. तोवर हंगाम गेला होता. त्या साली बाबांनी बैलजोडी विकली.

घरी मी काही बोललो नाही. कसं बोलणार?

ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. सांगितली ती थेट 2010 साली, आणि तीही समुद्राकाठच्या एका परक्या माणसाला.

निवृत्त झाल्यावर मी आणि आमची मंडळी मुलाकडे नव्या मुंबईत कामोठ्याला काही महिने राहायला गेलो. सकाळी खाडीच्या बाजूला फिरायला जायचो. तिथं एका आगरी गृहस्थांशी ओळख झाली. वयानं माझ्याएवढेच, मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला काका म्हणायचे. होऊ घातलेल्या विमानतळाच्या हद्दीत जी दहा गावं आणि पाडे येत होते, त्यांतल्या एका गावचे ते. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे ही नावं मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली. मी नकाशाखात्यातला आहे असं कळल्यावर एका सकाळी ते पिशवीत कागदांचं भेंडोळं घेऊनच आले.

"काका, जनसुनावणीचं कागद हायेत. मराठीत हाय, पन समजत नाय. तुम्ही वाचा."

2006 सालच्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पाच्या अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. त्याची प्रत आणि नकाशाच्या झेरॉक्स होत्या. आम्ही बांधावर बसलो. मी सवयीप्रमाणे आधी मजकूर वाचला नाही, नकाशा उत्तरेला तोंड करून धरला आणि कागदाच्या कडेपासून आत येत गेलो. आमचे जुने हेडसाहेब शिकवायचे, नकाशात जे मोठं काढलंय ते सगळ्यात शेवटी पाहा.

मोठं काय ते दिसतच होतं : एकमेकींना समांतर दोन धावपट्ट्या, प्रत्येकी 3700 मीटर लांब. एकूण जागा सुमारे 1160 हेक्टर. मधे सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी, ती सपाट करायची. दक्षिणेकडून येणारी उलवे नदी, ती वळवायची. उत्तरेकडून वाहणारी, माथेरानच्या डोंगरातून येणारी गाढी नदी, तिचंही पात्र बदलायचं असा मूळ बेत. नद्यांच्या जागी सरळ रेघा होत्या. मी अडतीस वर्षं रेघा मारल्या. सरळ रेघ दिसली की ती माणसाची आहे हे मला लांबून कळतं.

"दादा, ही नदी आता कुठून जाते?" मी विचारलं.

ते हसले. "कुठली येळ? भरतीची का ओहोटीची?"

मग त्यांनी काठीनं चिखलात काढून दाखवलं. भरतीचं पाणी कुठवर चढतं, खारबांध कुठे आहे, त्याच्या उघाड्या कुठे आहेत. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरती आली की ते आपोआप मिटतं आणि समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू देत नाही, ओहोटी लागली की उघडतं आणि पावसाचं पाणी बाहेर सोडतं. बांधाच्या आत भात, बाहेर तिवरांचं रान, त्याच्या कडेनं मिठागरं. तिवरांच्या मुळांत कोळंबी, चिंबोरी, निवटी. जिताड्याचे दिवस कोणते, हे त्यांनी नक्षत्रासकट सांगितलं. मी समुद्र पन्नाशीनंतर पाहिलेला वर्धेकर. पण ऐकताना मला वाटलं, अरे, हे तर आमचं लवणच. दिवसातून दोनदा भरणारं.

त्यांच्या हातातल्या नकाशात यातलं काहीच मला सापडेना. जमिनीच्या वापराचे रंग होते. पण उघाडीला खूण नव्हती.

त्या दिवशी मी त्यांना आमच्या रस्त्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आता तुम्ही काय ते नीट बघून सांगा." एवढंच.

म्हणून मी त्या विषयाच्या मागे लागलो. विमानतळ नेहमी पाणथळ जागेवरच का येतात? कारण साधं आहे. धावपट्टीला लांबलचक सपाट जागा लागते, दोन्ही टोकांना डोंगर नको, इमारती नकोत, आणि शहर तर जवळ हवं. शहराजवळ अशी जागा उरते ती पाण्याचीच. माणसानं घर बांधलं नाही म्हणून ती मोकळी, आणि मोकळी म्हणून स्वस्त. तिथं घर का बांधलं नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान आणलं ते जुहूला. जुहूचं मैदान समुद्रालगतचं, दलदलीच्या जमिनीवरचं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांची टपालसेवा पावसाळ्यापुरती पुण्याहून चालायची. मला ही हकीकत फार आवडते. तेव्हा पाणी आलं की विमान बाजूला सरकायचं.

पुढे विमानं जड झाली आणि सरकेनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला मोठं विमानतळ झालं, ते वाढत गेलं. विहार आणि पवई तलावांचं ओसंडून आलेलं पाणी घेऊन निघणारी मिठी नदी त्याच्या वाटेत होती. तिला विमानतळाच्या कडेनं काटकोनात वळावं लागलं आणि धावपट्टीखालून जावं लागलं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्या वर्धेत वर्षभरात जेवढा पडतो जवळजवळ तेवढा, एका दिवसात. मिठीनं कुर्ला, कलिना बुडवलं, विमानतळ बंद पडला. त्यानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि मुंबईला नदी आहे हे मुंबईला नव्यानं कळलं. तोवर पुष्कळ लोक तिला नालाच म्हणत. नाव गेलं की नदी जाते, असं नाही. पण तिच्याकडे बघणारा डोळा जातो. पुढे डिसेंबर 2015 मध्ये चेन्नईत तेच झालं. तिथली दुसरी धावपट्टी अड्यार नदीवरून पुलावर नेलेली आहे. नदी चढली आणि विमानतळ काही दिवस तळं झाला.

पाण्यावर विमानतळ करूच नये असं मी म्हणत नाही. हॉलंडमधला स्किपोल विमानतळ तर चक्क एका मोठ्या सरोवराच्या तळावर आहे. ते सरोवर 1852 साली उपसून कोरडं केलं. जपाननं ओसाकाच्या उपसागरात बेट भरून त्यावर विमानतळ केला, तो 1994 साली सुरू झाला आणि तेव्हापासून खचतो आहे. तिथले लोक त्याचं खचणं मोजत असतात. या दोन्ही ठिकाणी पाण्याला कोणी विसरलेलं नाही. उपसणं चालू, मोजणं चालू. आपल्याकडे एकदा भराव पडला की पाणी संपलं असं धरतात.

नव्या मुंबईच्या प्रकल्पाला केंद्रीय पर्यावरण खात्यानं नोव्हेंबर 2010 मध्ये अटी घालून मंजुरी दिली. त्या अटी नीट वाचल्या तर कळतं की आराखडा तपासण्याला अर्थ असतो. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर 1800 मीटरवरून 1550 मीटर केलं, आणि गाढी नदी वळवायची नाही असं ठरलं. तोडल्या जाणाऱ्या सुमारे 98 हेक्टर कांदळवनाच्या बदल्यात त्याहून मोठं क्षेत्र राखायचं; त्यात वाघिवलीला 245 हेक्टरांचं कांदळवन उद्यान. टेकडी मात्र गेली, उलवे नदी वळली. दादांना मी फोनवर सांगितलं, गाढी वाचली. ते म्हणाले, "एक तरी वाचली."

जमिनीच्या मोबदल्यात या लोकांनी पुष्कळ सोसलं आणि पुष्कळ मिळवलंही. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं धोरण आलं. विमानतळासाठी ते साडेबावीस टक्क्यांवर गेलं. पण टक्के जमिनीचे. खाडीचा सातबारा नसतो. ज्याचं जाळं खाडीत, त्यानं कोणत्या गटक्रमांकाचा मोबदला मागायचा?

कायदाही याच जागी अडखळतो. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह 2011 साली काढला. त्यात 2.25 हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 जागा मोजल्या गेल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2017 मध्ये त्या राखायला सांगितल्या. काम मोठं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मी ट्रेसर. मी लगेच पट्टी लावून पाहिली. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर 2.25 हेक्टर म्हणजे तीन मिलिमीटर गुणिले तीन मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढं. दाण्याहून लहान असलेलं पाणी त्या मापात बसत नाही. आमचं तीन एकरांचं लवण त्याच्या जवळपास निम्मं भरतं.

मग 2017 सालीच पाणथळ जागांचे नवे नियम आले. त्यांच्या व्याख्येतून नदीची पात्रं, भातशेती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. किनाऱ्यावरच्या काही जागांना दुसरे नियम लागू आहेत, हे खरं. तरी हे वाचताना मला दादांचा बांध दिसला. आतलं भात वगळलं, कडेचं मिठागर वगळलं, नदीचं पात्र वगळलं. आणि इकडे आमच्या जिल्ह्यातले सिंचनाचे तलाव, जिथं हिवाळ्यात लांबून बदकं येतात, तेही वगळले. बदकांना हे कोणी कळवलेलं नाही. पुढे 2022 साली ठाण्याची खाडी रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली तिसरी जागा. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार आधीची. पण रोहित पक्षी काही यादीतल्याच खाडीत बसत नाही. भरतीला खाडी भरली की तो उरण-नेरूळकडच्या लहान पाणथळींवर येऊन टेकतो. मोठी जागा लहान जागांच्या आधारानं जगते. घरात जसा माजघराला पडवीचा आधार.

2018 च्या फेब्रुवारीत विमानतळाचं भूमिपूजन झालं. त्या सुमारास मी पुन्हा कामोठ्याला होतो. टेकडी फोडण्याचे सुरुंग दुपारी ऐकू यायचे, कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या. भरावानं जमीन उंच झाली तशी शेजारची सखल गावं खड्ड्यात पडल्यासारखी झाली. पारगाव-डुंगीच्या लोकांनी पावसाळ्यात गावात पाणी शिरतं म्हणून पुनर्वसन मागितलं. वर्तमानपत्रात तो फोटो पाहिला तेव्हा मला आमची पिवळी पऱ्हाटी आठवली. दादा तोवर नव्या वसाहतीतल्या पक्क्या घरात राहायला गेले होते. घर चांगलं होतं. नातू कॉलेजात होता, त्याला विमानतळावर नोकरी लागावी अशी त्यांची इच्छा होती. त्यात मला काही विसंगत वाटलं नाही. माणूस गेलेल्याचं दुःख आणि येणाऱ्याची आशा एकाच घरात ठेवतो. जाताना त्यांनी मला सुके बोंबील दिले आणि म्हणाले, "आता उघाडी बघायला कोन नाय."

8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, नाताळच्या दिवसापासून विमानं उडू लागली. तिकडे आमच्या बाजूला बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीहून, त्याच वर्षी एप्रिलमधे मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता गाडीनं हाल करत येऊ नका."

आणि त्याच फोनवर त्यानं दुसरी गोष्ट काढली. गावच्या रस्त्यालगतच्या जमिनींना भाव आलाय. लवणातल्या तुकड्यासाठी एक जण विचारतोय. चार-पाचशे ट्रक मुरूम टाकला की प्लॉट पाडता येतील.

"तो लवण आहे रे," मी म्हणालो.

"बाबा, कागदावर तर जिरायत आहे."

मी फोन ठेवला. त्याची चूक नव्हती. तो कामोठ्यात वाढला, भरावावरच्या इमारतीत. त्याला लवण कोणी दाखवलं होतं? आणि पैशाची त्यालाही गरज आहे, पोरगी शिकते आहे. आठ एकरांतून दोघा भावांना काय पुरणार?

बाबांचं मी सांगायचं ठेवलं आहे. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी, ओसरीवर बसलेले असताना, मी धीर करून म्हटलं, "बाबा, त्या रस्त्याच्या नकाशात लवण नव्हतं ना, तो नकाशा मी काढला होता." ते सुपारी कातरत होते. हात थांबला नाही.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तक्रार घेऊन गेलो तवा साहेबानं नकाशा दाखोला होता. कोपऱ्यात तुयी सही पाह्यली."

"मग बोलले का नाही?"

"काय बोलू? कागदावर नोयतं म्हून काय झालं, पाणी तं होतं ना बाप्पा. रस्ता फोडला, पाणी गेलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुले थे दिसत होतं, हेच मले वाईट वाटलं."

सोळा वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

फोन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची पेटी काढली. ट्रेसिंगचा एक जुना तुकडा होता, शाई वाळून गेली होती, ती वर्ध्याहून नवी आणली. सकाळी वावरात गेलो. पंचाहत्तरीत साखळी ओढणं जमत नाही, पावलांनी मोजलं. लवणाला काठ नसतात म्हणून मी शेजारच्या म्हाताऱ्याला बरोबर घेतलं. पाणी कुठवर चढतं ते त्यानं बाभळीच्या आणि बांधावरच्या दगडांच्या खुणांनी सांगितलं. वरच्या वावरातून कुठून उतरतं, चार दिवस कुठे बसतं, रस्त्याच्या रपट्याखालून कसं नाल्याला जातं, सगळं काढलं. खूण माझी मीच ठरवली, निळी तुटक रेघ, आणि कडेला लिहिलं : "लवण. मृग ते आश्विन पाणी. इथे भराव टाकू नये."

एक प्रत ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसेवक म्हणाला, काका, याला कोणत्या रजिस्टरला लावू? मी म्हटलं, तुम्हीच शोधा. दुसरी प्रत मुलाला पाठवली. जमीन त्याचीही आहे, विकायची की नाही ते दोघे भाऊ ठरवतील. मी अडवून किती दिवस अडवणार? पण ठरवताना समोरच्या कागदावर पाणी असलं पाहिजे.

कोपऱ्यात चौकट आखली आणि तिच्यात सही केली.